आवाजाला पत्ता हवा
(लासूर स्टेशन येथील स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा संपादित पाठ)



मराठवाड्यातल्या व्याख्यानमालांत संतसाहित्य, शेती, पाणी, राज्यघटना, आरोग्य या विषयांवर बोलणे होते आणि ते व्हायलाच हवे. आजचा विषय या रांगेत सहज बसणारा नाही. हेवी मेटल नावाचे संगीत, त्यातले समाजाविषयी बोलणारे अल्बम आणि त्यांपैकी मुंबईत तयार झालेला एक अल्बम, असा हा विषय आहे. समोर बसलेल्या काही तरुणांच्या मोबाइलमध्ये हे संगीत आधीच असेल. त्यांच्या आईवडिलांनी ते भिंतीपलीकडून ऐकले असेल आणि ‘हा कसला आरडाओरडा’ म्हणून दार लावून घेतले असेल. या दोघांनाही एकत्र बसवून सांगावे असे त्यात पुष्कळ आहे.

हेवी मेटल म्हणजे मोठ्या शहरांतल्या, इंग्रजी शाळांत शिकलेल्या, खिशात पैसे खुळखुळणाऱ्या मुलांचा शौक, असा समज आपल्याकडे रुजला आहे. भारतात ते ज्या वाटेने आले त्या वाटेमुळे हा समज झाला. मुळात मात्र ते कारखान्याच्या दारात जन्मले. लासूर स्टेशन ज्या गंगापूर तालुक्यात आहे, त्याच तालुक्यात वाळूजची औद्योगिक वसाहत आहे. या भागातल्या कितीतरी घरांतले कुणी ना कुणी तिथे शिफ्टला जाते. प्रेस शॉपमध्ये उभे राहणाऱ्याला पत्रा कापणारे यंत्र हाताचे काय करू शकते हे समजावून सांगावे लागत नाही. म्हणून या संगीताची पहिली गोष्ट मुंबई-पुण्यापेक्षा इथे लवकर कळेल.

इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅम शहरात ॲस्टन हा कामगारवस्तीचा भाग आहे. तिथला टोनी आयोमी हा मुलगा पत्र्याच्या कारखान्यात कामाला होता. वय 17. गिटार वाजवायचे म्हणून त्याने नोकरी सोडायचे ठरवले होते आणि तो कामाचा शेवटचा दिवस होता. त्याच दिवशी यंत्राने त्याच्या उजव्या हाताच्या मधल्या बोटाचे आणि अनामिकेचे टोक छाटले. आयोमी डावखुरा, म्हणजे उजवा हात तारा दाबण्याचा. गिटार आता विसरायची, असेच सगळ्यांना वाटले. तेव्हा कारखान्यातल्या वरिष्ठाने त्याला जँगो राइनहार्ट या वादकाची रेकॉर्ड ऐकवली. राइनहार्टचा हात आगीत भाजला होता आणि तो मुख्यतः दोन बोटांच्या बळावर वाजवत असे. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांना टोपणे केली, त्यांवर चामडे चिकटवले. तारा हलक्या घेतल्या, पुढे त्या सैल करून खालच्या पट्टीत लावल्या. दुखऱ्या बोटांना सोसावे म्हणून केलेल्या या खटपटीतून एक जड, खोल आवाज निघाला. ब्लॅक सॅबथ हा बँड त्या आवाजावर उभा राहिला आणि हेवी मेटलचा इतिहास सांगणारे बहुतेक सगळे तिथूनच सुरुवात करतात.

‘पॅरॅनॉइड’ हा त्यांचा दुसरा अल्बम 18 सप्टेंबर 1970 रोजी आला. चौघेही ॲस्टनच्या साध्या घरांतले. गायक ऑझी ऑस्बर्न कत्तलखान्यात राबलेला, गीते लिहिणारा मुख्यतः बास गिटारवादक गीझर बटलर. व्हिएतनामचे युद्ध तेव्हा चालू होते. अल्बमचे पहिलेच गाणे ‘वॉर पिग्ज’. स्वतः सुरक्षित राहून गरिबांच्या पोरांना आघाडीवर पाठवणाऱ्या सत्ताधाऱ्यांवर ते तुटून पडते. ‘हँड ऑफ डूम’ हे युद्धाने उद्ध्वस्त केलेल्या आणि हेरॉइनच्या आहारी गेलेल्या सैनिकांविषयी आहे, ‘इलेक्ट्रिक फ्युनरल’ अणुसंहाराविषयी. अल्बमचे नावसुद्धा ‘वॉर पिग्ज’च ठेवायचे होते, ते ऐनवेळी बदलले गेले. समाजाविषयी बोलणे मेटलला नंतर कुणी चिकटवलेले नाही, ते त्याच्या पहिल्याच वर्षात त्यात आहे. हेच चौघे 5 जुलै 2025 रोजी ॲस्टनमधल्याच व्हिला पार्क मैदानावर शेवटचे एकत्र वाजले आणि त्या कार्यक्रमाचे उत्पन्न पार्किन्सनच्या रुग्णांसाठीच्या आणि आजारी मुलांसाठीच्या संस्थांना देण्याचे ठरले होते. त्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, 22 जुलैला ऑस्बर्न यांचे निधन झाले.

आता त्या ‘आरड्याओरड्या’बद्दल. तो कसा तयार होतो हे कळले तर अर्धी अढी सुटते. गिटारचा आवाज ॲम्प्लिफायरच्या क्षमतेपलीकडे ढकलला की ध्वनिलहरींचे माथे कापले जातात आणि मूळ स्वरावर नवे उपस्वर चढतात. याला डिस्टॉर्शन म्हणतात. अशा फाटलेल्या आवाजात षड्ज, गंधार आणि पंचम एकदम छेडले तर गंधाराचे उपस्वर बाकीच्यांशी भांडतात आणि सगळा गढूळ गोंधळ होतो. म्हणून मेटलचे वादक बहुधा गंधार गाळतात आणि नुसता षड्ज-पंचम धरतात. आपल्या तंबोऱ्याचा पाया याच दोन स्वरांवर आहे. ब्लॅक सॅबथच्या पहिल्या अल्बममधले बँडच्याच नावाचे गाणे षड्ज आणि तीव्र मध्यम यांच्यातल्या ताणावर उभे आहे. आपल्याकडच्या कानाला हा ताण परका नाही, मारव्यात आणि पूरियात तो रोज भेटतो. ड्रमवाला दोन्ही पायांनी बास ड्रम वाजवतो आणि त्यासाठी वर्षानुवर्षे पाय तयार करतो. गायकाची गुरगुर स्वरतंतूंच्या वर असलेल्या पडद्यांचा वापर करून काढली जाते. ती शिकावी लागते, चुकीची केली तर घसा बसतो. रियाजाशिवाय यातले काहीच साधत नाही.

या संगीतावर आरोपही भरपूर झाले. अमेरिकेत 1985 साली काही प्रभावशाली पालकांनी संघटना काढून गाण्यांतल्या हिंसेची आणि अश्लीलतेची तक्रार केली, सिनेटच्या समितीपुढे सुनावणी झाली. ट्विस्टेड सिस्टर या बँडचा गायक डी स्नायडर तिथे स्वतः हजर राहिला आणि आपल्या गाण्यांचा अर्थ त्याने मुद्देसूद मांडला. 1990 साली ज्यूडस प्रीस्ट या बँडवर, त्यांच्या गाण्यातल्या छुप्या संदेशामुळे दोन तरुणांनी स्वतःवर गोळी झाडली, असा खटला चालला. न्यायालयाने तो दावा फेटाळला. हे सांगतानाच हेही सांगितले पाहिजे की मेटलमध्ये निव्वळ रक्तपाताची, स्त्रियांना तुच्छ लेखणारी, क्वचित उघड वंशद्वेषी गाणीही आहेत. आवाज मोठा असला म्हणजे तो सत्याच्याच बाजूचा असतो, असे मुळीच नाही. द्वेषाच्या सभेतही लाउडस्पीकर मोठाच असतो.

मग यातला खरा अल्बम कसा ओळखायचा? या व्याख्यानाचे म्हणणे असे की आवाजाला पत्ता लागतो. कुणाचे दुःख, कुठल्या गावचे, कधीचे, हे ज्या गाण्यातून कळते ते गाणे टिकते आणि कामालाही येते.

याचे उत्तम उदाहरण ब्राझीलचे आहे. सेपल्तुरा हा बेलो होरिझोंती शहरातला बँड. 2 ऑक्टोबर 1992 रोजी साओ पावलोच्या कारांदिरू तुरुंगात दंगल मोडून काढताना 111 कैदी मारले गेले. पुढच्याच वर्षी सेपल्तुराच्या ‘केऑस ए. डी.’ या अल्बममध्ये ‘मॅनिफेस्ट’ हे गाणे आले, ते या हत्याकांडावरच. त्याच अल्बममधली ‘कायोवास’ ही वाद्यरचना जमिनीपासून तोडल्या जाणाऱ्या कायोवा आदिवासींना उद्देशून आहे. 1996 सालच्या ‘रूट्स’ अल्बमसाठी हे लोक शावांते आदिवासींच्या वस्तीत गेले, त्यांच्यासोबत बसून ध्वनिमुद्रण केले आणि तो आवाज अल्बममध्ये घेतला. इंग्लंड-अमेरिकेची नक्कल करणारा एक बँड आपल्या देशाचा पत्ता लिहू लागला आणि जगाने त्याला तेव्हाच खऱ्या अर्थाने ओळखले.

महाराष्ट्रात मेटल कसे आले, ते आता पाहू. 1986 साली मुंबईच्या सेंट झेव्हियर्स कॉलेजात ‘इंडिपेंडन्स रॉक’ हा महोत्सव सुरू झाला. पुढे तो धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात भरू लागला. देशभरातले बँड तिथे वाजवायला यायचे आणि लांबलांबच्या उपनगरांतून पोरे लोकलने ऐकायला यायची. आसपास रुग्णालये आणि शाळा-कॉलेजे, त्यामुळे हा शांतता क्षेत्राचा भाग. ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 साली आले आणि त्यानंतरच्या काही वर्षांत रंगभवनातले हे कार्यक्रम बंद पडले. पण तोवर एक पिढी तयार झाली होती. 1 फेब्रुवारी 2008 रोजी आयर्न मेडन या जगप्रसिद्ध बँडने आपल्या जागतिक दौऱ्याची सुरुवातच मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलातून केली. त्या मैदानावर जमलेल्या गर्दीतल्या कितीतरी पोरांचे स्वतःचे बँड होते.

या पिढीतला ठळक माणूस म्हणजे साहिल माखिजा. त्यांनी 2000 साली मुंबईत डिमॉनिक रेझरेक्शन हा बँड उभा केला. कुठली कंपनी छापेल याची वाट न बघता स्वतःचे लेबल काढले, इतर बँडचे अल्बमही त्यावरून प्रकाशित केले, कार्यक्रम भरवले, घरच्या स्टुडिओत ध्वनिमुद्रणे केली. 2010 साली ब्रिटनच्या ‘मेटल हॅमर’ नियतकालिकाच्या पुरस्कारांमध्ये या बँडला जागतिक मेटलचा सन्मान मिळाला. 2017 सालच्या ‘दशावतार’ या अल्बममध्ये मत्स्यापासून कल्कीपर्यंत एकेका अवतारावर एकेक गाणे आहे. कोकणात दशावतारी नाटके रात्रभर चालतात, तो विषय मुंबईच्या मेटलवाल्यांनी आपल्या पद्धतीने हाताळला. मात्र पुराणातला राक्षस आणि आजच्या बातमीतला राक्षस यांत अंतर असते. ते अंतर तोडण्याचे काम माखिजा यांनी पुढच्या टप्प्यात केले.

डिमनस्टीलर या नावाने ते एकट्याचे अल्बमही काढतात. ‘द प्रोपगंडा मशीन’ हा अल्बम 2023 साली आला. गाणी आठ. शीर्षके मराठीत सांगायची तर भीतीची मोहीम, द्वेषाचा अखंड शिलाखांब, प्रचारयंत्र, अपप्रचाराची कला, मरणाऱ्यांच्या किंकाळ्या अशी ती चालतात आणि शेवटचे गाणे पोलादी मूठ मोडून काढण्याचे आहे. गिटार आणि गळा माखिजा यांचा. हॅनेस ग्रॉसमन, केन बेडीन यांच्यासारखे जगातले नामवंत ड्रमवादक त्यात वाजवतात, कीबोर्डवर अनाबेल इराटनी आहेत. मुंबईत रचलेले गाणे परदेशातल्या वादकांकडे जायचे, तिथून ड्रम भरून यायचे, कुणा दुसऱ्याकडून बास यायचा आणि मग सगळे एकत्र बसवले जायचे. स्वीडनच्या एका लेबलने ते प्रसिद्ध केले. एक मुंबईकर माणूस इतक्या देशांतल्या कलावंतांना एका विषयावर एकत्र आणतो आणि तो विषय असतो लोकांच्या मनात पद्धतशीर भीती पेरून त्यांना एकमेकांविरुद्ध उभे करण्याचा. ही मोठी गोष्ट आहे आणि तिची मराठी वृत्तपत्रांनी फारशी दखल घेतली नाही, हे बरे झाले नाही.

संगीताच्या अंगानेही हा अल्बम विषयाला धरून आहे. ड्रमचा वेग एवढा की श्वास घ्यायला जागा मिळत नाही. त्यावर कीबोर्डचे भव्य, मिरवणुकीसारखे स्वर पसरतात. प्रचार असाच चालतो. वरून दिमाख आणि आतून माणसाला विचार करायला उसंत न देणारा मारा, हे दोन्ही एकाच वेळी ऐकू येते. मधूनच गुरगुर थांबते आणि स्वच्छ सुरातले गाणे येते, तेव्हा ऐकणारा सावध होतो. शब्द कळले नाहीत तरी हा घाट जाणवतो.

अपप्रचार हा विषय आपल्यासाठी पुस्तकातला नाही. 1 जुलै 2018, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाडा गावचा आठवडी बाजार. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण तिथे आले होते. भिक्षा मागत गावोगाव फिरणे हा या भटक्या समाजाचा परंपरेने चालत आलेला व्यवसाय. मुले पळवणारी टोळी फिरते आहे, अशी अफवा त्या दिवसांत मोबाइलवरून सगळीकडे पसरली होती. जमावाने या पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडून ठार मारले. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचांहून जास्त ठिकाणी पुढे पाठवण्यावर बंधन आणले. दोन वर्षांनी, 16 एप्रिल 2020 रोजी पालघर जिल्ह्यातल्या गडचिंचले गावात दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच अफवांच्या वातावरणात जमावाकडून मारले गेले. मारणारी माणसे साधी, आपल्यासारखीच होती. त्यांच्या हातात शस्त्र येण्याआधी मोबाइलवर एक खोटा संदेश आला होता. माखिजा यांच्या अल्बममधले चौथे गाणे ज्या कलेविषयी बोलते, ती कला ही.

आणि इथेच या अल्बमची मर्यादा दिसते. आठ शीर्षकांपैकी एकातही गाव नाही, तारीख नाही, माणसाचे नाव नाही. ही गाणी ब्राझीललाही लागू पडतील, हंगेरीलाही, आपल्यालाही. जगभरच्या श्रोत्यांपुढे जायचे म्हणून हे सोयीचे असेल, आणि आजच्या काळात नाव घेणाऱ्याला काय सोसावे लागते हेही आपण जाणतो. तरीही राईनपाड्याच्या बाजारात उभ्या असलेल्या माणसाला हे गाणे आपले वाटेल का, हा प्रश्न उरतो. भाषा इंग्रजी, तीही गुरगुरीत दडलेली. ज्यांना हा इशारा सर्वांत आधी पोचायला हवा, त्यांच्यापर्यंत तो पोचत नाही. विषय अचूक, कारागिरी पहिल्या प्रतीची, धाडस खरे, पण पत्ता अपुरा, असा या अल्बमबद्दलचा स्पष्ट निर्वाळा द्यावा लागेल.

दिल्लीच्या ब्लडीवुड या बँडने भाषेची अडचण बरीचशी सोडवली. त्यांचा ‘रक्षक’ हा अल्बम 18 फेब्रुवारी 2022 रोजी आला. करण कटियार गिटार आणि बासरी वाजवतात, ते आधी वकिली करत होते. जयंत भादुला हिंदी-पंजाबीतून गातात, राउल केर इंग्रजीतून रॅप करतात आणि मंचावर ड्रमच्या जोडीला ढोल असतो. ‘गद्दार’ हे गाणे लोकांत फूट पाडणाऱ्या राजकारणावर, ‘दना दन’ स्त्रियांवरच्या लैंगिक अत्याचारावर, ‘जी वीरे’ नैराश्याशी झगडणाऱ्यांसाठी. हा बँड गाण्यापुरता थांबला नाही. ‘जी वीरे’च्या निमित्ताने त्यांनी गरजूंना मोफत समुपदेशन मिळवून दिले, ‘याद’ या गाण्याच्या वेळी भटक्या प्राण्यांसाठी काम करणाऱ्या संस्थेला रुग्णवाहिका घेऊन दिली. ढोल आणि बासरी आली म्हणून हा अल्बम भारतीय ठरतो, असे म्हणणे वरवरचे होईल. ज्या भाषेत माणूस रडतो आणि शिव्या देतो त्या भाषेत ही माणसे गातात, म्हणून तो इथला आहे. राष्ट्रीय पातळीवरचे नैराश्य आणि राष्ट्रीय पातळीवरचा भ्रष्टाचार त्यात आहे. गाव मात्र तिथेही क्वचितच दिसते.

गावाचे नाव घेऊन गाण्याची विद्या महाराष्ट्राकडे आहे. ती शाहिरीत आहे.

अण्णाभाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गव्हाणकर यांनी 1944 साली लाल बावटा कलापथक उभे केले. अण्णाभाऊंच्या ‘मुंबईची लावणी’त मलबार हिल येते आणि श्रमिकांची मुंबईही येते, एकाच शहरातले दोन पत्ते समोरासमोर उभे राहतात. ‘माझी मैना गावावर राहिली’ या छक्कडीत विरहाची कहाणी सांगता सांगता बेळगाव, कारवार, डांग, उंबरगाव ही नावे येतात आणि संयुक्त महाराष्ट्राचा नकाशाच गाण्यात उतरतो. अमर शेखांचा पहाडी आवाज हजारोंच्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत जायचा. डफ, तुणतुणे, ढोलकी, हलगी ही वाद्ये मैदानासाठीच घडलेली आहेत. मोठा आवाज ही आपल्याला परदेशातून आलेली गोष्ट नाही.

आंबेडकरी जलशांनी तर हा पत्ता आणखी नेमका केला. भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या पिढ्यांनी वस्तीवस्तीत जाऊन गाणे हीच शाळा केली. मराठवाड्याला नामांतराची आठवण सांगावी लागत नाही. 27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला, त्यानंतर या प्रदेशात दलित वस्त्या जाळल्या गेल्या, माणसे मारली गेली. नामविस्तार व्हायला 14 जानेवारी 1994 उजाडला. मधली पंधराहून अधिक वर्षे या लढ्याला गाण्यांनी धीर दिला. 11 जुलै 1997 रोजी मुंबईत घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जण मेले. शाहीर विलास घोगरे यांना ते सहन झाले नाही आणि चारच दिवसांनी त्यांनी आपले जीवन संपवले. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट त्यांच्यापासून सुरू होतो. घोगरेंचे गाणे आणि त्या वस्तीचा पत्ता वेगळे करता येत नाहीत.

मेटलकडे प्रचंड ध्वनी आहे, रागाला शिस्त लावणारी कारागिरी आहे आणि जगभरचा श्रोता आहे. शाहिरीकडे नाव-गाव आहे, भाषा आहे, प्रश्न विचारून श्रोत्याला गाण्यात ओढणारा सवाल-जवाब आहे. या दोन परंपरा मुंबईत काही कोसांच्या अंतरावर वाढल्या आणि त्यांची गाठ फार कमी पडली. याचे कारण संगीतात सापडत नाही, ते वर्गात आणि जातीत आहे. एकीकडे गिटार विकत घेऊ शकणारी कॉलेजातली मुले, दुसरीकडे झोपडपट्टीतल्या चौकात डफ घेऊन उभा असलेला शाहीर. ॲस्टनचा आयोमी आज मुंबईत जन्मला असता तर या दुसऱ्या गटात सापडला असता.

ही गाठ खेड्यातून पडू शकते का? जगातल्या दोन खेड्यांनी याचे उत्तर दिले आहे. इंडोनेशियात पश्चिम जावामधल्या गारुत जिल्ह्यात सिंगाजाया हे खेडे आहे. तिथल्या शाळेत शिकणाऱ्या मार्स्या, विदी आणि सिती या तीन मुस्लिम मुलींनी 2014 साली ‘व्हॉइस ऑफ बाचेप्रोत’ हा मेटल बँड काढला. त्यांना शाळेतल्या एका शिक्षकाने हे संगीत ऐकवले होते. घरचे नाराज, गावचे नाराज, धमक्याही आल्या. मुलींनी हिजाब काढला नाही आणि गिटारही खाली ठेवली नाही. स्त्रीचे शरीर ही सार्वजनिक मालमत्ता नव्हे, असे त्या गाण्यातून ठणकावून सांगतात. ‘रेतास’ हा त्यांचा अल्बम 2023 साली आला आणि 2024 साली इंग्लंडच्या ग्लास्टनबरी महोत्सवात त्या वाजल्या. तिथे पोचलेला हा इंडोनेशियाचा पहिला बँड.

दुसरे खेडे जर्मनीतले वाकेन. वस्ती दोन हजारांच्या आसपास, धंदा शेती आणि गाईगुरे. गावातल्या दोन तरुणांनी 1990 साली तिथल्या खडीच्या खाणीच्या जागेत सहा बँड वाजवले. आज तो जगातल्या सर्वांत मोठ्या मेटल महोत्सवांपैकी एक आहे आणि दरवर्षी ऐंशी हजारांहून अधिक लोक तिथे जमतात. गावच्या अग्निशमन दलाचा बँड महोत्सवात मानाने वाजतो, शेतकरी आपली शेते तंबूंसाठी देतात. 2019 साली ब्लडीवुडने तिथे हजेरी लावली. रेल्वे फाटक, मोंढा आणि कांद्याच्या गाड्या असलेले लासूर स्टेशन वाकेनपेक्षा लहान नाही.

मराठी या संगीताला पेलेल का, अशी शंका तरुण विचारतात. मराठीत टवर्गाची टणक व्यंजने आहेत, ‘ळ’ आहे, जोडाक्षरांचा मारा आहे. गुरगुरीत स्वर विरघळतात आणि व्यंजने तरतात, त्यामुळे मराठी शब्द इंग्रजीपेक्षा ठळक ऐकू येण्याची शक्यता आहे. ओवीची लय मोकळी आहे, पोवाड्याची चाल धावती आहे, भारुडात नाट्य आहे. आणि विषय? प्रेस शॉपमध्ये गेलेल्या बोटांचा विषय वाळूजमध्ये आहे. कंत्राटदार बदलला की हरवणाऱ्या वर्षांचा आहे. टँकरच्या रांगेचा आहे. ट्रॅक्टर भरून आणलेल्या कांद्याला भाडेसुद्धा सुटत नाही त्या दिवसाचा आहे. मोबाइलवर आलेल्या खोट्या संदेशाचा आहे. यांपैकी प्रत्येकाला तारीख आहे, ठिकाण आहे.

म्हणून समोरच्या तरुणांना एक विनंती. ब्लॅक सॅबथ ऐका, सेपल्तुरा ऐका, माखिजांचा ‘द प्रोपगंडा मशीन’ मन लावून ऐका आणि अमर शेख, वामनदादा, घोगरेही तितकेच ऐका. आज एक साधी गिटार, एक मोबाइल आणि मोफत मिळणारी ध्वनिमुद्रणाची प्रणाली एवढ्यावर सुरुवात होते. पहिले गाणे मराठीत लिहा. ज्या घटनेवर लिहाल तिथे जाऊन या, माणसांशी बोला, त्यांची परवानगी घ्या आणि मग गावाचे नाव गाण्यात घाला. अफवेवर लिहायचे असेल तर आधी खरे काय घडले ते तपासा. अपप्रचाराविरुद्धचे गाणे स्वतः चुकीच्या माहितीवर उभे राहून चालणार नाही.

आणि वडीलधाऱ्यांना, शाळांच्या मुख्याध्यापकांना, या व्याख्यानमालेच्या कार्यकर्त्यांनाही एक विनंती. अशी मुले गावात असतील तर त्यांना वर्षातून एक संध्याकाळ द्या. सभागृह द्या, वीज द्या, समोर बसून पूर्ण ऐका आणि नंतर त्यांना प्रश्न विचारा. नियमाप्रमाणे रात्री दहाच्या आत कार्यक्रम संपवा, म्हणजे कुणाची तक्रार राहणार नाही. पुढच्या वर्षीच्या व्याख्यानमालेत एक दिवस व्याख्यानाऐवजी त्यांच्या गाण्यासाठी राखून ठेवावा, अशी मागणी या व्यासपीठावरून संयोजकांकडे करण्यात येत आहे.